शरीराची अमानत : पुरुषांची स्वच्छता, शोभा आणि संयम

त्वचेची, केसांची, नखांची निगा हा विषय निघाला की तो स्त्रियांचा आहे असे समजून अनेक पुरुष बाजूला होतात. दुसरीकडे, आजचा तरुण आरशासमोर बराच वेळ घालवतो आणि चेहरा उजळविण्याच्या नादात मिळेल ते मलम लावतो. एक बेपर्वाई आहे, दुसरा अतिरेक आहे. इस्लामची शिकवण या दोहोंच्या मधून जाते. शरीर ही अल्लाहने आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. तिची निगा राखणे कर्तव्य आहे आणि तिला इजा पोहोचविणे ही त्या अमानतीतील खयानत आहे.

दिव्य कुरआनाने (सूरह बकरा, आयत २२२) पावित्र्य राखणाऱ्यांना अल्लाहचे प्रिय म्हटले आहे, तर सूरह आराफच्या ३१व्या आयतीत नमाजच्या वेळी आपली शोभा धारण करण्याची आज्ञा आहे आणि त्याच आयतीत उधळपट्टीची मनाई आहे. शोभा आणि संयम या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

फितरतच्या गोष्टी

माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाच गोष्टी मानवी फितरतचा, म्हणजे मूळ स्वभावाचा भाग असल्याचे सांगितले : खतना, नाभीखालचे केस काढणे, मिशा कातरणे, नखे कापणे आणि काखेतील केस काढणे (बुखारी, मुस्लिम). माननीय आयशा (रजि.) यांच्या कथनात दाढी राखणे, मिसवाक करणे, नाकात पाणी घेणे आणि बोटांचे सांधे धुणे यांचाही उल्लेख आहे (मुस्लिम). माननीय अनस (रजि.) यांच्या कथनावरून या कामांसाठी ४० दिवसांची कमाल मुदत कळते. ही शेवटची मर्यादा आहे, नेहमीची रीत नव्हे. शुक्रवारच्या गुस्लबरोबर नखे व मिशा पाहण्याची सवय लावली, तर मुदत मोजण्याची वेळच येत नाही.

कमी पाण्यातील स्वच्छता

अहिल्यानगर जिल्ह्यातील आपला कर्जत तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांत स्वच्छतेचा उपदेश पोकळ वाटू शकतो. परंतु प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे माननीय अनस (रजि.) सांगतात (बुखारी, मुस्लिम). आजच्या मापाने वुजूचे पाणी पाऊण लिटरच्या आत आणि गुस्लचे पाणी सुमारे पावणेतीन ते साडेतीन लिटर होते. नळ सोडून ठेवण्याऐवजी तांब्याने वुजू केला, तर सुन्नतही पाळली जाते आणि पाणीही वाचते.

वुजूत हातापायांच्या बोटांमधून पाणी फिरविण्यास, म्हणजे खिलाल करण्यास सांगितले आहे. त्यानंतर पायाची बोटे कोरडी करणेही गरजेचे आहे. ओल्या पायांवर मोजे किंवा बूट चढविले की बोटांच्या बेचक्यांत ओल राहते आणि चिखल्या होतात. वुजूनंतर अंग पुसण्यास बहुसंख्य विद्वानांनी मुभा दिली आहे. त्यासाठी प्रत्येकाचा रुमाल वेगळा असावा. एकाच टॉवेलने घरभर गजकर्ण पसरते.

बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा फेस नीट होत नाही आणि अंगाला कोरडेपणा येतो. अशा वेळी साबण कमी वापरावा आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच थोडे खोबरेल तेल चोळावे. टाचांच्या भेगांनाही याचा उपयोग होतो. तेलामुळे वुजू होत नाही, ही शंका निराधार आहे. ज्याचा थर बसत नाही ते वुजूला आड येत नाही. मात्र रंगकाम करणाऱ्यांच्या हातावर ऑइलपेंटचा थर असेल, तर तो आधी काढावा. उन्हात काम करणाऱ्यांनी डोक्याला उपरणे आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घातला, तर त्वचेचे चांगले रक्षण होते.

केस, दाढी आणि सलून

ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे (अबू दाऊद). त्याच ग्रंथात रोज रोज केस विंचरण्यात गुंतून राहण्याची मनाईही आहे. डोक्याचा काही भाग तासून काही भागावर केस ठेवण्याच्या पद्धतीला हदीसमध्ये कजअ म्हटले असून तिची मनाई आहे (बुखारी, मुस्लिम). सलूनमध्ये नवी फॅशन निवडताना मुलांना हे ठाऊक असावे. दाढी राखणाऱ्याने तिच्या मुळापर्यंत पाणी पोहोचवावे, ती कोरडी करावी व विंचरावी. अस्वच्छ दाढीत कोंडा आणि खाज येते, मग दोष दाढीला दिला जातो.

सलूनमध्ये खुर्चीवर बसण्यापूर्वी ब्लेड नवे आहे का, हे पाहण्यात संकोच नसावा. एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या जखमेत गेल्यास हिपॅटायटिस बी आणि सी यांसारखे आजार पसरू शकतात. पांढऱ्या केसांना मेंदी लावणे सुन्नतमध्ये आहे. पूर्ण काळ्या रंगाविषयी मात्र हदीसमध्ये मनाई आली आहे आणि अनेक विद्वानांनी तो नापसंत केला आहे. बाजारात काळी मेंदी या नावाने मिळणाऱ्या अनेक पुड्यांत पीपीडी नावाचे रसायन असते. त्याने काहींचा चेहरा सुजतो आणि त्वचेवर फोड येतात. शुद्ध मेंदी नारिंगी-तांबूस रंग देते.

गोरेपणाचा मोह

पुरुषांसाठी वेगळी गोरेपणाची क्रीम भारतीय बाजारात २००५ साली आली. तेव्हापासून आपल्या मुलांच्याही मनावर ठसले आहे की सावळा चेहरा ही उणीव आहे. त्यातून दोन प्रकारचे धोके निर्माण झाले.

पहिला धोका स्टिरॉइडचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल अशी द्रव्ये असलेली मलमे काही दिवस चेहरा उजळ दाखवितात. पुढे त्वचा पातळ होते, लाली व पुरळ येते आणि मलम थांबविताच आग होऊ लागते. गजकर्णावर हेच मलम लावले की खाज शमते, पण बुरशी आत पसरत राहते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत, असा नियम केला. तरीही मित्राने सांगितले म्हणून ट्यूब आणणारे थांबलेले नाहीत.

दुसरा धोका पाऱ्याचा. बनावट किंवा घटकांची माहिती न देणाऱ्या क्रीममध्ये पारा मिसळलेला आढळला आहे. तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. आपल्या महाराष्ट्रातही अकोल्यात एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे अशाच क्रीममुळे बिघडल्याचे २०२३ साली समोर आले.

येथे प्रश्न केवळ आरोग्याचा राहत नाही. सूरह रूमच्या २२व्या आयतीत माणसांच्या भाषा आणि वर्ण यांतील भिन्नता अल्लाहच्या निशाण्यांपैकी असल्याचे सांगितले आहे. गोऱ्याला काळ्यावर ईशपरायणतेखेरीज कोणतेही श्रेष्ठत्व नाही, हे प्रेषितांनी (स.) अखेरच्या हजच्या प्रसंगी जाहीर केले (मुसनद अहमद). काळ्या वर्णाच्या माननीय बिलाल (रजि.) यांना अजानचा मान मिळाला. मग आपल्याच घरात मुलाला ‘काळ्या’ म्हणून हाक मारणे आणि सोयरीक पाहताना प्रथम रंग विचारणे, हे कोणत्या शिकवणीत बसते? मुलगा चोरून मलम लावतो तेव्हा त्याच्या मनात हा न्यूनगंड कोणी रुजविला, हेही घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःला विचारावे.

चांगले कपडे, चांगले पादत्राण आवडणे म्हणजे अहंकार आहे काय, असा प्रश्न आला तेव्हा प्रेषितांनी (स.) समजाविले की अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे; अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे (मुस्लिम). नीटनेटकेपणा आणि गर्व यांतील सीमारेषा येथे स्पष्ट होते.

घरात काय करावे?

पित्याने मुलाला हे सर्व स्वतःच्या आचरणातून शिकवावे. वयात येणाऱ्या मुलाला गुस्लचे नियम आणि केस काढण्याची योग्य रीत सांगण्यास लाजू नये. घरी सांगितले नाही, तर तो ते मोबाईलवरून शिकतो. दात घासण्यासाठी ब्रश असो वा आपल्याकडील कडुनिंब-बाभळीची काडी, झोपण्यापूर्वीही दात घासावेत. शुक्रवारी गुस्ल, स्वच्छ कपडे, थोडे तेल आणि अत्तर यांचा परिपाठ ठेवावा. रेझर, टॉवेल व कंगवा प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. घटक न छापलेले मलम घरात येऊ देऊ नये आणि डाग किंवा खाज दोन आठवड्यांत कमी झाली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

अल्लाह आपणा सर्वांना अंतर्बाह्य पावित्र्य लाभण्याची आणि त्याने दिलेल्या रूपावर समाधान मानण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.