खोलीची हवा

आपण अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जातो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जातो. कधी घरचे माणूस आजारी पडते, म्हणून सीपीआर दवाखान्यात जातो. मुक्काम पडला की धर्मशाळेत नाहीतर लॉजवर खोली घेतो. खोली झाडलेली असते. चादर धुतलेली असते. आपण म्हणतो, "जागा स्वच्छ आहे हो!"

पण खोलीतली हवा स्वच्छ आहे का? ती तर डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या आधी त्या खोलीत दुसरे कोणी राहून गेलेले असते. त्याला क्षय, गोवर किंवा कोविड असला, तर खोकताना आणि बोलताना बारीक थेंब बाहेर पडतात. त्या थेंबांत रोगाचे जंतू असतात. थेंब फार हलके. ते लगेच खाली बसत नाहीत. गोवराचे जंतू हवेत दोन तासांपर्यंत राहतात. क्षयाचे जंतू बंद खोलीत कित्येक तास तरंगतात. माणूस गेला, तरी जंतू मागे राहतात.

उदबत्ती विझली तरी बंद घरात वास कोंडून राहतो. खिडकी उघडली की तो निघून जातो. जंतूंचेही तसेच आहे.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी १८८२ साली शोधून काढला. २०२० साली कोविडची साथ आली. अंबाबाईचे देऊळही कित्येक महिने बंद होते. कोंदट जागेत रोग लवकर पसरतो, हे तेव्हा पुन्हा दिसले.

मग आपण काय करावे?

पैसे देण्याआधी खिडकी उघडून पाहावी. उघडत नसेल तर म्हणावे, "दादा, खिडकीची खोली द्या." आत गेल्यावर आधी खिडकी उघडावी. दार मोकळ्या सज्जात उघडत असेल, तर तेही थोडा वेळ उघडे ठेवावे. वारा आरपार जातो. दार बंद बोळात उघडत असेल, तर ते लावून घ्यावे.

नुसत्या पंख्यावर भरवसा ठेवू नये. बंद खोलीत पंखा तीच हवा फिरवतो. बहुतेक एसीही तेच करतात. रात्री थंडी वाजली तर घोंगडी घ्यावी, पण खिडकी थोडी उघडी ठेवावी. डासांसाठी मच्छरदाणी लावावी.

आपल्यालाच खोकला असेल, तर तोंडाला मास्क लावावा. खोकला दोन आठवडे राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तिथे क्षयाची तपासणी आणि औषध फुकट मिळते. औषध पुरे घेतले की क्षय बरा होतो. त्यात लाज कसली? लपवला, तर घरातल्या लेकरालाच आधी लागेल.

सांगा पाहू :
१. माणूस गेल्यावरही जंतू खोलीत कसे राहतात?
२. बंद खोलीत नुसता पंखा का पुरत नाही?
३. तुमच्या घरात वारा आरपार जातो का?