निवेदन देण्याआधी

बोदवड

चि. भाच्यास,
मामाचा सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा मेसेज वाचला. मालिकेतला पाळक दारुडा आणि पैसेखाऊ दाखवला, म्हणून तुमचा तरुण संघ धार्मिक भावना दुखावल्याबद्दल दंड संहितेच्या कलम 295अ खाली गुन्हा नोंदवायला निघालाय. आधी हे ऐक, की 1 जुलै 2024 पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत 299 झालंय. रागातसुद्धा कलम बरोबर लिहावं रे.

2006 साली ‘द दा विंची कोड’ हा सिनेमा आला, तेव्हा तू पाळण्यात होतास. मुंबईत उपोषणं झाली, एका माजी नगरसेवकाने तर मूळ कादंबरीकार डॅन ब्राउनवर 11 लाखांचं बक्षीस लावलं. गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. कथा काल्पनिक असल्याची पाटी लावून सेन्सॉरने सिनेमा सोडला, आणि माझ्या मते तेवढं पुरे होतं. त्या बक्षीसवाल्याने ख्रिस्ताची जितकी शोभा केली, तितकी ब्राउनलाही जमली नाही.

2012 मध्ये विलेपार्ल्यात क्रुसावरच्या मूर्तीच्या पायातून पाणी ठिबकू लागलं आणि लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी तुंबलेलं गटार दाखवून ओल वर कशी चढते ते सांगितलं. गटार साफ करायचं सोडून आपल्यातल्या काहींनी त्यांच्यावरच तक्रारी केल्या. ते फिनलंडला निघून गेले. यात विटंबना कोणाची झाली, सांग.

आणि आपण तरी कुठे मवाळ होतो? 1842 पासून मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ने हिंदू चालीरीतींवर कमी कोरडे ओढले नाहीत. विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर भर गर्दीत पाद्र्यांना उलटे सवाल केले. कुणी ठाण्यात धावलं नाही. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने तो वादविवाद पुस्तक करून छापला. मला ती छाती आवडते.

हिंदी सिनेमातला ख्रिस्ती पूर्वीपासून दारुडाच. ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी तर दारूचा गुत्ता चालवतो, तरी आपल्या लग्नांत त्याच्याच गाण्यावर नाचतात. दारुड्या पाळकाचं सोंग पाहून मला खरं तर आपल्या मंडळ्यांचे हिशेब आठवले. ते दरवर्षी सभासदांपुढे वाचले, तर निम्मी थट्टा आपोआप बोथट होईल.

हां, प्रार्थनेला जमलेल्या गरीब कुटुंबांवर कुणी ‘पैसे घेऊन बाटले’ असा खोटा आळ घेतला आणि त्यावरून जमाव दारात आला, तर गप्प बसू नका. तिथे तारीख, व्हिडिओ, साक्षीदार आणि वकील घेऊन जा. मीही येईन. थट्टेने आपलं मन दुखतं, आळाने माणसं मार खातात.

मालिकावाल्यांना पत्र जरूर लिहा. कोणता प्रसंग, त्यात काय चुकीचं, खरा पाळक दिवसभर काय करतो, ते साध्या मराठीत लिहा. मसुदा आधी मला पाठव, पण तुमच्या निवेदनातलं ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडू’ हे वाक्य आजच खोड. संघाचा अध्यक्ष ऐकत नसेल तर त्याला मला फोन करायला सांग.

तुझा,
मामा