लकवा मारला की आधी सीटी स्कॅन का?

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, की आजही कुणीतरी म्हणतं, 'वारं गेलं, तेल चोळा.' आम्ही सांगतो, तेल बाजूला ठेवा आणि १०८ला फोन लावा. बिघाड हातात नाही, मेंदूत आहे.

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही लकवे सारखेच दिसतात, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन.

हा स्कॅन म्हणजे गणितच. यंत्र डोक्याभोवती फिरत क्ष-किरण सोडतं आणि प्रत्येक बाजूने किती किरण पलीकडे पोहोचले ते मोजतं. त्यावरून संगणक मेंदूच्या बारीक बारीक भागांना आकडे देतो. पाण्याचा आकडा ०, मेंदूचा साधारण २० ते ४०, ताज्या गोठलेल्या रक्ताचा ५० ते ८०. आकडा मोठा तितका भाग पांढरा, म्हणून सांडलेलं रक्त उठून दिसतं. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन झाला. यंत्र घडवणारे हाउन्सफिल्ड आणि गणित मांडणारे कॉरमॅक यांना १९७९चं नोबेल मिळालं.

आता स्कॅन वाचायलाही संगणक शिकला आहे. मुंबईच्या क्यूर.एआय कंपनीच्या अभ्यासात भारतातल्या सुमारे २० केंद्रांतले ३ लाख १३ हजारांहून जास्त स्कॅन घेतले होते. तो २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. रक्तस्राव संगणकाने लगेच दाखवला, तर तो स्कॅन डॉक्टर आधी हाती घेऊ शकतात. निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

पण हे सगळं पेशंट वेळेत पोहोचला तरच. गुठळीचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. राईहून निघून रुग्णालय गाठायचा वेळ आणि स्कॅनचा वेळही त्यातच धरायचा. म्हणून:

• त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर दिसला, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ते सांगा.
• पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.
• सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. चालू गोळ्या सोबत घ्या.
• थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दाखवून या.

एवढ्या चार गोष्टी विहाराच्या फळ्यावर लिहा. ज्यांना वाचता येत नाही, त्या आजीआजोबांना वाचून दाखवा.