मजल्यावरचं मर्चंडायझिंग

मुंबईतल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या लेडीज एथनिक विभागात मी इंटर्न होते. आता बाईंगमध्ये आहे. नव्या मुली इंटर्नशिपला आल्या की त्यांना मी हे सांगते.

1. टक्केवारीवर थांबू नका. समजा, एका कुर्त्याचे 60 नग आले आणि 36 गेले. सेल-थ्रू 60 टक्के. रिपोर्टात माल चालू दिसतो. आता रॅकपाशी जाऊन टॅग बघा. उरलेल्या 24 मध्ये एम नाही, एल नाही. नुसते एक्सएस आणि डबल एक्सएल. म्हणजे तो कुर्ता संपलाय, रॅक तेवढा भरलेला आहे. दुसऱ्या शाखेतून एम-एल लगेच मागवा आणि पुढच्या ऑर्डरीत साइझचं प्रमाण बदला.

2. ट्रायल रूमच्या दाराशी उभ्या राहा. काय विकलं ते बिलिंगला कळतं. घालून बघून काय नाकारलं, ते कळत नाही. आमच्याकडे एक मरून कुर्ता सारखा आत जायचा आणि तसाच परत यायचा. ऑफिसात त्याची किंमत कमी करायची चर्चा सुरू होती. दारावरच्या ताईंनी तो उलटा करून मला दाखवला. "मुंढा बघ गं, किती घट्ट आहे. हात वर केला की ओढ बसते." किंमत उतरवून मुंढा सैल होत नाही.

3. मॅनिकिनवरचा पीस रॅकवर सगळ्या साइझमध्ये नसेल, तर उतरवा.

4. माल कुणाचा, ते आधी विचारा. पुष्कळ ब्रँड 'सेल ऑर रिटर्न'वर माल ठेवतात. उरलं ते त्यांच्याकडे परत जातं. स्टोअरच्या स्वतःच्या लेबलचं उरलेलं स्टोअरच्याच अंगावर पडतं. वेस्टसाइडसारख्या मुख्यतः स्वतःची लेबलं विकणाऱ्या साखळीत म्हणूनच खरेदीचा अंदाज जास्त मोलाचा.

5. कराचे टप्पे पाठ हवेत. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18. या सीमेच्या जराशा वर किंमत लावण्याआधी दहादा विचार करा.

6. आपला गाव ओळखा. नवरात्रात मुंबई-पुण्याच्या बायका त्या त्या दिवसाचा रंग घालून ऑफिसला जातात. लाल, पिवळा, हिरवा घरात असतोच. राखाडी आणि मोरपंखी ऐन वेळी शोधायला येतात, तेही ऑफिस सुटल्यावर, उद्यासाठी. परराज्यातल्या हेड ऑफिसला हे आपोआप उमगेल, असं धरून चालू नका. ऑर्डरी काही महिने आधी जातात. तेव्हाच मागणी कळवा.

7. आणि हे मला फार मनापासून वाटतं: मजल्यावरच्या मुलींना बसायला द्या. आमच्या स्टोअरमध्ये त्या अख्खी शिफ्ट उभ्या असायच्या. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात बदल करून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला. मालाची खरी माहिती या मुलींकडेच असते. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा एक स्टूल त्यांना द्या, एक तुम्ही घ्या, आणि आज काय परत आलं ते विचारा.