बाजारातील भीती



ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळ टोपी बाजार आहे. सणासुदीला तेथे खांद्याला खांदा लागतो. समजा, अशा गर्दीत एका भगिनीची छाती एकाएकी धडधडू लागली, श्वास कोंडला, हातांना मुंग्या आल्या, आता आपण मरणार असे वाटले. ती खरेदी टाकून घरी परतली व लगेच बरे वाटले. पुढे तिने बाजार सोडला, मग बस सोडली आणि शेवटी उपासनेलाही येईनाशी झाली. तिला आपण कशी मदत करावी?

१. हे काय आहे? अशा झटक्याला पॅनिक अटॅक म्हणतात. संकटात पळता यावे म्हणून शरीर जी तयारी करते, तीच येथे संकटावाचून होते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो; म्हणून चक्कर व मुंग्या येतात. झटका बहुधा दहा मिनिटांत कळसाला पोहोचून ओसरू लागतो. गर्दीच्या वा मोकळ्या जागेच्या भयाला जर्मन डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये ‘अगोराफोबिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘अगोरा’ म्हणजे बाजारचौक.

२. पळाल्याने काय होते? ‘पळालो म्हणून वाचलो’ असे मन शिकते. झटका आपोआपच ओसरला असता, हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून भीती वाढत जाते.

३. उपाय कोणता? प्रथम डॉक्टरांकडून हृदय व थायरॉईड तपासून घ्यावे. नंतर पायरीपायरीने जावे. पहिले काही दिवस बाड्यावर नुसते उभे राहावे. मग टोपी बाजाराच्या तोंडाशी. मग पहिल्या दुकानापर्यंत. शेवटी एक वस्तू विकत घेऊन यावे. सोबतीला कोणी असावे, पुढे एकटीने जावे. भीती आली तर तिच्याशी झगडू नये. श्वास सावकाश सोडावा आणि ती उतरेपर्यंत तेथेच थांबावे. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात हाच मार्ग सांगितला: सामोरे जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. एवढ्याने भागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांचे समुपदेशन व औषधे गुणकारी ठरतात. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे.

४. मंडळीने काय करावे? ‘तुझा विश्वास कमी’ असे म्हणू नये. भयाने पळालेला एलीया रतामाच्या झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला दोष दिला नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, मग वाटेला लावले (१ राजे १९). अशा व्यक्तीला उपासनेत दाराजवळची जागा द्यावी. मध्येच बाहेर गेली तर कोणी वळून पाहू नये. परत आली की सरकून जागा करावी.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या वर्गातील कोणी गर्दी टाळते काय? त्याला पहिली पायरी कोणती सुचवाल?
२. त्याच्याबरोबर बाजारापर्यंत चालत कोण जाईल?