संगणकीय दप्तरातील बिघाड : तपासणी आणि अहवाल

दप्तरातील कागद कितीही नीट लिहिलेले असोत. कोणता कागद कोणत्या रुमालात बांधला आहे याची सूचीच बिघडली, तर ते असून नसल्यासारखे होतात. संगणकाच्या चकतीवरही अशी सूची असते. माहितीचे तुकडे कोठे साठविले, त्यांची नावे व आकार काय, याची नोंद ठेवणाऱ्या रचनेस फाइल सिस्टीम म्हणतात. लिनक्स ही १९९१ मध्ये सुरू झालेली मुक्त कार्यप्रणाली असून तिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता व सुधारता येते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. लिनक्समध्ये ‘एक्स्ट-४’ ही फाइल सिस्टीम मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

अचानक वीज जाणे, जीर्ण चकती, सैल केबल, सदोष स्मृती किंवा आज्ञावलीतील चूक यांमुळे ही सूची बिघडू शकते. फाइलचे नाव दिसते, पण आत भलताच मजकूर निघतो. कधी चकती ‘केवळ वाचनासाठी’ खुली राहते. हा दुसरा प्रकार म्हणजे अधिक हानी टाळण्यासाठी प्रणालीने घेतलेली खबरदारी होय. ती बळाने मोडू नये.

२०१८ चा धडा

ऑक्टोबर २०१८ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ४.१९ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर अनेकांच्या एक्स्ट-४ चकत्यांवर बिघाड दिसू लागले. प्रथम संशय साहजिकच एक्स्ट-४ वर गेला. तथापि खरा दोष तिच्या खालच्या, चकतीकडे मागण्या पोहोचविणाऱ्या स्तरात होता. मागण्यांचा क्रम लावणारी योजना जेथे वापरात नव्हती, तेथे मागणी थेट चकतीकडे जाई. चकती व्यग्र असल्यास ती परत रांगेत येई; परंतु तिच्यासाठी केलेली यादी आधीच तयार असे. पुढे तिच्यात दुसरी मागणी मिसळली गेली, तरी काम जुन्या यादीप्रमाणेच होई. टपालाच्या पिशवीची यादी झाल्यावर तीत आणखी पाकिटे भरावीत आणि वाटप मात्र यादीबरहुकूम व्हावे, तसाच हा प्रकार. डिसेंबर २०१८ मध्ये ४.१९.८ या आवृत्तीत दोष दूर करण्यात आला. मात्र आधीच बिघडलेल्या फाइली त्यामुळे पूर्ववत होणार नव्हत्या.

ज्या ठिकाणी बिघाड दिसतो, तेथेच त्याचे कारण असते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

तपासणीचा क्रम

पहिली गोष्ट म्हणजे त्या चकतीवरील सर्व लेखन थांबवावे. दुसरी, चकतीची संपूर्ण प्रत दुसऱ्या निर्दोष चकतीवर घ्यावी. तिसरी, ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलचे संदेश आणि ‘स्मार्टसीटीएल’ने चकतीची प्रकृती पाहावी. चौथी, चकती वापरातून काढून ‘एफएससीके’ ही तपासणीची आज्ञा प्रथम काहीही न बदलणाऱ्या पद्धतीने चालवावी. दुरुस्ती करावयाची ती आधी प्रतीवर. घाईने केलेल्या दुरुस्तीत सूची सुसंगत होते, पण काही फाइली गमावल्या जाऊ शकतात आणि कारणाचा पुरावाही पुसला जातो.

अहवाल कसा असावा

अहवालात कर्नलची नेमकी आवृत्ती, चकतीचा प्रकार, फाइल सिस्टीमची मांडणी, बिघाडाची वेळ आणि त्यापूर्वी केलेले बदल नमूद करावेत. संदेश आपल्या शब्दांत न सांगता जसेच्या तसे द्यावेत. जुन्या आवृत्तीवर तोच बिघाड होतो की नाही, हेही लिहावे. पंचनाम्यात जे दिसले तेच नोंदले जाते, तर्क वेगळा ठेवला जातो. येथेही तेच पथ्य पाळावे. २०१८ मध्ये ‘एक्स्ट-४ सदोष आहे’ एवढेच कळविणारा अहवाल शोध चुकीच्या दिशेला नेणारा ठरला असता; आवृत्ती व मांडणी सांगणारा अहवाल मात्र उपयोगी होता.

जन्म-मृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे निकाल, करवसुलीची खाती आज संगणकावर आहेत. त्यांची वेगळ्या ठिकाणी नियमित प्रत ठेवणे आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे मधूनमधून पाहणे, ही प्रत्येक कार्यालयाची जबाबदारी आहे. मुक्त प्रणालीत दोषनिवारणाचे काम एका गावातील अचूक नोंदीपासूनही सुरू होऊ शकते, आणि त्याचा लाभ सर्वांनाच मिळतो.