वाफेचं इंजिन बनवायचंय, पण सामान कुठे मिळेल?



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला येतात. परदेशातला एखादा आजोबा बागेत बसून छोटं वाफेचं रेल्वे इंजिन चालवतोय, खरा धूर, खरी शिट्टी. "सर, हे करू या का?" आपण पटकन म्हणतो, "अरे, त्याचे पार्ट आपल्याकडे मिळत नाहीत." मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. मात्र नांदेड आणि लातूरच्या बाजारात जरा डोळे उघडे ठेवून फिरल्यावर लक्षात आलं की जवळपास सगळं मिळतं, फक्त ते 'मॉडेलचं सामान' या नावाने मिळत नाही. ते फ्रीजवाल्याकडे, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे, सोनाराकडे आणि लेथवर विखुरलेलं असतं.

आधी कोणतं इंजिन करायचं ते ठरवू. लातूरकरांना लांब जायची गरज नाही. बार्शी लाईट रेल्वे ही आपली घरची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ साली बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ती सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. हलके रूळ वापरता यावेत म्हणून कॅलथ्रॉपने एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. मग इंजिन जड कसं करायचं? भार जास्त चाकांवर वाटून. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून आलेल्या इंजिनांना आठ चालती चाकं आणि मागे चार आधाराची चाकं होती. नववीच्या वर्गात एवढी एक गोष्ट सांगितली तरी 'भार वाटून घेणे' मुलांना कायमचं समजतं. ही लाइन पुढे ब्रॉडगेज झाली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तीही याच जुन्या वाटेने. तुमच्या वर्गातल्या मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला सांगा, छोट्या गाडीच्या आठवणी निघतील. नांदेडची जुनी लाइन मात्र मीटरगेज, हैदराबादहून मनमाडला जाणारी, निजामाच्या काळातली.

आता गणित. १:२४ हे प्रमाण घेतलं तर ७६२ ला २४ ने भागून ३१.७५, म्हणजे ३२ मिलिमीटरचा ट्रॅक. नांदेडचं मीटरगेज ४१.७ आणि आजचं ब्रॉडगेज ६९.८ मिलिमीटर येतं. बार्शी लाईटचं मॉडेल वर्गाच्या बाकावर सहज मावतं, म्हणून तेच बरं. इथे मुलांना एक प्रश्न टाका: सगळी मापं २४ पट लहान केली की बॉयलरमधलं पाणी किती पट कमी होईल? बहुतेक जण २४ म्हणतात. खरं उत्तर १३,८२४ पट. आणि बाहेरचा पृष्ठभाग मात्र ५७६ पटच कमी होतो. म्हणजे छोट्या बॉयलरला पाण्याच्या मानाने थंड व्हायला जागा फार. म्हणूनच हुबेहूब लहान केलेलं इंजिन नीट चालत नाही, आतली रचना बदलावीच लागते.

सिलिंडरपासून सुरुवात करा, बॉयलरपासून नाही. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे डोलणारा सिलिंडर. यात वेगळी झडप नसते. सिलिंडर स्वतःच पुढे-मागे डोलतो आणि त्याचं भोक एकदा वाफेच्या भोकासमोर, एकदा बाहेर सोडायच्या भोकासमोर येतं. पितळेचा चौकोनी तुकडा आणि गोल सळई हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात किंवा थेट लेथवाल्याकडे मिळते. दहा मिलिमीटरचं भोक आणि त्यात बसणारा पिस्टन हे काम लेथवरच होतं. एमआयडीसीत किंवा औजारं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दुपारच्या वेळी जा, गर्दी नसते, आणि मुलांना सोबत न्या. दोन सपाट तोंडं एकमेकांवर घट्ट बसली पाहिजेत. त्यासाठी काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पितळ गोल गोल घासायचं. हे काम मुलं करतात, आणि तासभर करतात.

पिस्टनभोवती वाफ निसटू नये म्हणून काय लावायचं यावर आमचं बरंच अडलं होतं. शेवटी सातवीतल्या एका मुलीने सोडवलं. तिचे वडील पाणबुडी मोटारी आणि पंप दुरुस्त करतात. दुसऱ्या दिवशी तिने पंपाच्या ग्लॅन्डमध्ये भरतात ती काळी ग्रॅफाइटची दोरी आणली आणि ती कशी उलगडून, किती फेरे, किती घट्ट भरायची हे फळ्यासमोर उभं राहून सांगितलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. एक सांगायला हवं, जुन्या पंपातून काढलेली पांढरी दोरी वापरू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. नवीनच घ्या, थोडीशीच लागते.

बाकीची यादी अशी फिरत फिरत जमते. फ्रीज-एसी दुरुस्तीवाल्याकडे दोन सुती आणि तीन सुती तांब्याची नळी मिळते. उरलेले तुकडे तो बऱ्याचदा असेच देतो. जुन्या फ्रीजची नळी मात्र स्वतः कापू नका, आत गॅस असतो. सोनाराकडे टाकणखार आणि चांदीची झाळ. सायकलच्या दुकानात स्पोक आणि हबचे छर्रे. शिलाई मशीनवाल्याकडे बारीक स्प्रिंगा आणि स्क्रू. चाकांसाठी सरकत्या खिडक्यांचे रोलर वापरलेले मी पाहिलेत, पण त्यांना मधे खाच असते आणि रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूला कडा लागते. म्हणून चाकं लेथवर करून घेतलेली बरी. रुळांना अॅल्युमिनियमची पट्टी उभी करून लाकडी स्लीपरवर बसवली की झालं. नांदेडहून हैदराबाद जवळ. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये छोटे प्रेशर गेज, बारीक टॅप-डाय असलं सामान एका फेरीत मिळतं. मुंबईला कुणी जात असेल तर नागदेवी स्ट्रीट, पुण्याला जात असेल तर जुना बाजार. पुण्यातच कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. तिथली गाडी विजेवर चालते, वाफेवर नाही, पण सिग्नल, फाटे, पूल बघायला मुलांना जरूर न्या.

आता बॉयलर. इथे मी थोडा कडक बोलणार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी दूध पावडरच्या डब्याचा बॉयलर केला होता, साध्या कथलाच्या झाळीने जोडलेला. वर्गात दाखवताना गप्पांच्या नादात पाणी संपलं ते कळलंच नाही. झाळ सुटली आणि वाफेचा झोत माझ्या मनगटावर आला. मुलं दोन पावलं मागे उभी होती, एवढंच नशीब. चूक सर्वस्वी माझी होती. कथलाची झाळ १८५-१९० अंशांच्या आसपास वितळते. पाणी असेपर्यंत पत्रा पाण्याच्या तापमानालाच राहतो, पाणी संपलं की ज्योत त्याला काही क्षणांत त्याच्या कितीतरी वर नेते. आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण १,६०० पट जागा मागते.

म्हणून डबे, तांब्याच्या बाटल्या, डिओचे कॅन यांचा बॉयलर करायचा नाही. प्रेशर कुकरची शिट्टी काढून तिथे नळी जोडायचे व्हिडिओ मुलं बघतात. तेही नाही, कारण शिट्टी हीच कुकरची सुरक्षा आहे. पितळही बॉयलरच्या अंगाला नको, गरम पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो. जाड तांब्याची नळीच हवी. ती कुठे मिळेल? दवाखान्यात ऑक्सिजनची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे. त्यांच्याकडे ४२ मिलिमीटरच्या नळीचे तुकडे उरलेले असतात.

दहावीच्या मुलांकडून हा हिशोब करून घ्या. नळी ४२ मिलिमीटर, जाडी १.२, दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो. नळीच्या अंगावरचा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले दुप्पट जाडी. उत्तर ३५ येतं. मऊ तांबं साधारण २,००० पर्यंत सहन करतं. म्हणजे नळी फुटणार नाही. पण दोन्ही टोकांच्या झाकणांवर प्रत्येकी जवळपास २८ किलोचा जोर येतो, आणि तो सगळा जोडावर असतो. धोका जोडात आहे. म्हणून जोड फ्रीजवाल्याकडून गॅसवर ब्रेझिंग करूनच घ्यायचा. तो सातशे अंशांच्या आसपास वितळणारी सळई वापरतो.

मग चाचणी, आणि ती थंड पाण्याने. बॉयलर काठोकाठ भरायचा, आत हवा राहू द्यायची नाही, आणि प्लंबरकडे पाइप तपासायचा हातपंप असतो तो लावून चालवायच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे ४ किलोपर्यंत न्यायचं. पंधरा मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटलाच तर नुसतं ठिबकतं. हवेने किंवा वाफेने ही चाचणी कधीच करू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह २ किलोला उघडतो की नाही हे गेजवर बघायचं, अंदाजाने नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्यात २५ लिटरपेक्षा लहान बॉयलर धरलेला नव्हता. म्हणजे आपल्या अर्ध्या पेल्याच्या बॉयलरकडे कुणी तपासनीस येणार नाही. तपासनीस आपणच.

पालकहो, तुमच्या मनात आलंच असेल की एवढा धोका कशाला? बरोबर आहे. म्हणून माझ्या वर्गात मुलांचं इंजिन हवेवर चालतं. स्कूटरचं जुनं चाक, टायर-ट्यूबसकट, पंक्चरवाल्याकडून ३० पौंड भरून आणायचं. ती झाली टाकी. ट्यूबचा वॉल दाबणारी पिन असलेलं तोंड आणि एक छोटा कॉक लावला की सिलिंडर फिरायला लागतो. मुलं भोक चुकलं तर इंजिन उलटं का फिरतं, तेल टाकलं तर वेग का वाढतो, हे सगळं इथेच शिकतात आणि कुणाचं बोट भाजत नाही. वाफेचा प्रयोग वर्षातून एकदाच करतो. मैदानात, मी स्वतः गॉगल आणि हातमोजे घालून, मुलं चुन्याच्या रेषेमागे. पाणी किती मिनिटं पुरतं ते आधी घरी मोजून ठेवतो आणि त्याच्या निम्म्या वेळात ज्योत बंद करतो.

गेल्या वेळी मैदानात आमचं इंजिन सव्वा मीटर गेलं आणि थांबलं. एक चाक आसावर सैल होतं. ते चाक परत लेथवर दिलंय.